काढून टाकले म्हणजे सुटले, असे नाही

‘‘डॉक्टर, सगळंच काढून टाका. परत डोकं वर काढायला नको.’’ स्तनातील गाठ कर्करोगाची आहे असे निदान झाले की दवाखान्यात हे वाक्य हमखास कानी पडते. कोल्हापूर त्याला अपवाद नाही. बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः रुग्ण नसते. तो नवरा असतो, थोरला दीर असतो किंवा बातमी कळताच पुण्याहून रजा काढून आलेला मुलगा असतो. त्यांच्या मनात काळजीच असते. साप अर्धमेला सोडू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेले असते आणि कर्करोगालाही तोच न्याय लावला जातो. जितके जास्त कापावे तितके सुरक्षित, असे हे साधे गणित.

हे गणित चुकीचे आहे, हे सिद्ध होऊन आता चाळीस वर्षे होत आली. सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगात, म्हणजे गाठ लहान आहे आणि रोग स्तन व काखेतील ग्रंथींपलीकडे गेलेला नाही अशा वेळी, फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी भाग काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिले, तर जीव वाचण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच असते. कमी नसते. तरीही स्तन राखणारी शस्त्रक्रिया आपल्याकडे अनेक घरांना ‘अर्धवट उपचार’ वाटते. कधी ती सुचवलीच जात नाही, कधी सुचवली तरी घरचे नाकारतात. या सगळ्यात जिचे शरीर आहे तिला नेमके काय हवे, हे विचारायचे राहून जाते. वैद्यकीय ज्ञान कमी पडते म्हणून हे होत नाही. ते ज्ञान घरापर्यंत आणि निर्णयापर्यंत पोहोचवण्यात आपण कमी पडतो म्हणून होते.

जुनी समजूत कुठून आली?

‘सगळे काढा’ हा विचार मुळात डॉक्टरांचाच. १८८०च्या दशकात अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्रच काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्या काळात बायका येत त्या मोठ्या, कित्येकदा फुटलेल्या गाठी घेऊन. त्याआधीच्या शस्त्रक्रियांनंतर गाठ त्याच जागी पुन्हा उगवे. हॉलस्टेड यांच्या पद्धतीने ते प्रमाण बरेच कमी झाले. त्यामागची कल्पना अशी, की कर्करोग पाण्यावर पडलेल्या तेलाच्या थेंबासारखा कडेकडेने पसरत जातो. मग जितक्या दूरवरून कापू तितके बरे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभर हीच रीत राहिली. बाईच्या छातीच्या फासळ्या उघड्या दिसत, हात सुजून जड होई, खांदा आखडे. जीव वाचवायचा तर एवढी किंमत द्यावीच लागते, असे सर्वांनी धरून ठेवले होते.

वेगळा विचार करणारे त्या काळातही होते. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९२०च्या दशकात स्तन न काढता गाठीत रेडियमच्या सुया बसवून उपचार केले आणि त्यांचे रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांइतकेच जगतात असे दाखवले. त्यांच्याकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. एखादा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला की तो तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही.

वीस वर्षांचा हिशेब

ही तपासणी अखेर झाली ती इटली आणि अमेरिकेत. मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ महिलांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाचा पूर्ण स्तन काढला, दुसऱ्या गटात गाठ असलेला भाग काढून रेडिएशन दिले. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर असाच, पण तीन गटांचा अभ्यास सुरू केला: पूर्ण स्तन काढणे, फक्त गाठ काढणे, आणि गाठ काढून रेडिएशन देणे. त्यात १,८५१ महिलांची नोंद ठेवली गेली. दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मिलानमध्ये वीस वर्षांनंतर स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचे प्रमाण स्तन राखलेल्या गटात २६.१ टक्के आणि पूर्ण स्तन काढलेल्या गटात २४.३ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक म्हणता येणार नाही इतका किरकोळ. कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू धरले तर आकडे ४१.७ आणि ४१.२ टक्के. फिशर यांच्या अभ्यासात वीस वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत ४६ ते ४७ टक्के, म्हणजे जवळपास तेच. पुढे या अभ्यासातील एका कॅनेडियन डॉक्टरने काही नोंदींमध्ये फेरफार केल्याचे उघड झाले आणि १९९४ मध्ये मोठी खळबळ माजली. त्याच्या सर्व रुग्णांची नावे वगळून पुन्हा हिशेब मांडला गेला. निष्कर्ष बदलला नाही.

जास्त कापूनही जीव अधिक का वाचत नाही? फिशर यांचे उत्तर शेतकऱ्याला चटकन पटेल असे आहे. गाजर गवताचे बी वाऱ्याबरोबर आधीच उडून गेले असेल, तर बांध कितीही खोल खणला तरी पुढच्या पावसात ते दुसऱ्या वावरात उगवणारच. आणि बी उडालेच नसेल, तर ते एक झुडूप मुळासकट उपटणे पुरेसे असते. स्तनाच्या कर्करोगात मृत्यू येतो तो स्तनातील गाठीमुळे नव्हे. रक्तावाटे फुफ्फुस, यकृत, हाडे, मेंदू येथे गेलेल्या पेशींमुळे तो येतो. त्यांचा बंदोबस्त औषधे करतात: केमोथेरपी, हार्मोनच्या गोळ्या, काही रुग्णांत विशिष्ट लक्ष्यावर काम करणारी इंजेक्शने. स्तनाचा उरलेला निरोगी भाग काढून त्या पेशींचे काहीच बिघडत नाही.

यात एक बाब मात्र लपवून ठेवू नये. स्तन राखला तर त्याच जागी गाठ पुन्हा होण्याची शक्यता थोडी जास्त असते. मिलानमध्ये वीस वर्षांत स्तन राखलेल्या गटात ३० जणींना, तर पूर्ण काढलेल्या गटात ८ जणींना त्याच जागी रोग परत आला. पण नियमित तपासणीत तो सापडला, त्यावर पुन्हा उपचार झाले आणि एकूण मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही. आज औषधे आणि रेडिएशन दोन्ही सुधारल्याने हा धोका आणखी घटला आहे. वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून तपासणी, हा स्तन राखण्याच्या निर्णयाचाच एक भाग आहे. ज्या बाईला ‘परत येईल का’ या धास्तीने रात्रीची झोप लागणार नाही, तिने सगळे समजून घेऊन पूर्ण स्तन काढण्याचा निर्णय घेतला तर तोही योग्यच. निर्णय कोणताही असो, तो माहितीवर उभा असावा आणि तिचा असावा.

अलीकडच्या काळातील मोठी नोंद स्वीडनची आहे. २००८ ते २०१७ या काळातील जवळपास ४९ हजार महिलांच्या माहितीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या महिला पूर्ण स्तन काढलेल्यांपेक्षा जास्त जगल्या. वय, इतर आजार, उत्पन्न असे फरक हिशेबात धरूनही हे चित्र टिकले. असे अभ्यास चिठ्ठी टाकून केलेले नसतात. त्यामुळे ‘राखणे हे काढण्यापेक्षा चांगले’ असा शिक्का त्यावरून मारता येणार नाही. ‘राखणे म्हणजे धोका पत्करणे’ ही भीती मात्र त्यापुढे टिकत नाही.

हे सगळे तिकडचे, आपल्याकडे काय?

असा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधी, चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. गाठी येतात त्या मोठ्या. मग तिकडचे निष्कर्ष इथे कसे लागू होणार?

त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९८० पासून स्तन राखणारे उपचार सुरू केले. रेडिएशनतज्ज्ञ आणि रुग्णालयाच्या माजी संचालक डॉ. केतायून दिनशॉ आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००० या काळात असे उपचार घेतलेल्या १,०२२ महिलांचा लेखाजोखा २००५ मध्ये मांडला. त्यांचे मध्यम वय ४३ वर्षे होते, म्हणजे त्या अगदी आपल्याकडच्या रुग्णांसारख्याच. पाच वर्षांनी ८७ टक्के आणि दहा वर्षांनी ७७ टक्के महिला हयात होत्या. पाच वर्षांपर्यंत स्तनात गाठ परत न आलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते. या महिला निवडून घेतलेल्या होत्या आणि उपचार देशातील सर्वात अनुभवी केंद्रात झाले, हे ध्यानात ठेवायला हवे. पण योग्य रुग्ण, योग्य शस्त्रक्रिया आणि पूर्ण रेडिएशन या तीन गोष्टी जुळल्या तर भारतीय बाईलाही हा उपचार तितकाच लागू पडतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

शेक पूर्ण झाले तरच

या तीनपैकी सर्वाधिक ढिली राहते ती शेवटची गोष्ट. रेडिएशनला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेचा तो दुसरा पाय आहे. त्याशिवाय ती उभी राहत नाही. फिशर यांच्या अभ्यासात नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के महिलांना त्याच स्तनात रोग परत आला. शेक घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. पुढे २०११ मध्ये १७ अभ्यासांतील १०,८०१ महिलांची माहिती एकत्र केली गेली. शेक घेतल्याने दहा वर्षांत रोग कुठेही परत येण्याची शक्यता ३५ वरून १९.३ टक्क्यांवर आली आणि पंधरा वर्षांतील कर्करोगाचे मृत्यू २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर. म्हणजे शेक टाळणे हा जिवाशी खेळ ठरू शकतो. पासष्टी ओलांडलेल्या, अगदी लहान आणि सौम्य गाठ असलेल्या काही महिलांमध्ये हार्मोनच्या गोळ्यांवर भर देऊन शेक वगळता येतात, असे अलीकडे दिसले आहे. पण तो अपवाद, आणि तो ठरवायचा तज्ज्ञांनी.

अनेक शल्यविशारद खासगीत एक अडचण सांगतात. ‘‘बाई खेड्यातली आहे. शेकाला परत येईल याची खात्री नाही. मग स्तन राखून तिचा धोका वाढवण्यापेक्षा काढलेला बरा.’’ या बोलण्यात प्रामाणिकपणा आहे आणि अनुभवही. पण त्याचा अर्थ नीट पाहायला हवा. बसची सोय नाही, राहायला जागा नाही, रोजगार बुडतो म्हणून एका बाईचा स्तन काढला जातो. उणीव व्यवस्थेची आणि भरपाई तिच्या शरीरातून. शिवाय काढून टाकले की शेक टळतातच असेही नाही. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेतील चार वा अधिक ग्रंथींमध्ये रोग असेल, तर पूर्ण स्तन काढल्यावरही शेक घ्यावेच लागतात. आपल्याकडे उशिरा येणाऱ्या कित्येकींच्या वाट्याला हेच येते: स्तनही जातो आणि शेकाची पायपीटही चुकत नाही.

चंदगडहून किती फेऱ्या?

शेकासाठी टाटालाच जायला हवे, अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. गोकुळ शिरगावचे कोल्हापूर कॅन्सर सेंटर, मिरजेचे सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय अशी केंद्रे या भागात उभी राहिली. प्रश्न उरतो तो रोजच्या येण्या-जाण्याचा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून अधिक. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरून आधी वडाप किंवा दुचाकीने रस्त्यापर्यंत, मग एसटी, मग शहरातून रिक्षा. दहा मिनिटांच्या शेकासाठी आख्खा दिवस जातो. सोबत एक माणूस लागतो, त्याचाही रोजगार बुडतो. घरी धारेची वेळ, सुगीचे दिवस, लहान पोरे. पूर्वीच्या पद्धतीत असे पंचवीस दिवस, म्हणजे पाच आठवडे यावे लागे. अनेकींनी हे ऐकूनच ‘काढून टाका’ म्हटले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

इथे विज्ञानाने मोठी मदत केली आहे. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात पाच आठवड्यांतील पंचवीस शेकांऐवजी तीन आठवड्यांत पंधरा शेक देऊन पाहिले गेले. २०१३ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष आले: रोग त्याच भागात परत येण्याचे प्रमाण पंचवीस शेकांत ५.५ टक्के, पंधरा शेकांत ४.३ टक्के. कमी दिवसांच्या उपचारात काहीच गमावले नाही, उलट त्वचेवरचे आणि स्तनाच्या आकारावरचे दुष्परिणाम कमी झाले. पंधरा शेक ही आता जगभर नेहमीची पद्धत आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधीलच ४,०९६ रुग्णांच्या अभ्यासाने आणखी पुढचे पाऊल टाकले: एका आठवड्यात पाच शेक. पाच वर्षांनंतर रोग परत येण्याचे प्रमाण पंधरा शेकांत २.१ टक्के आणि पाच शेकांच्या नेमक्या मात्रेत १.४ टक्के होते. कोणाला किती शेक, हे रोगाच्या टप्प्यावर आणि केंद्राच्या यंत्रणेवर ठरते. पण चंदगडच्या बाईच्या दृष्टीने पंचवीस फेऱ्या आणि पाच किंवा पंधरा फेऱ्या यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘मला किती शेक लागतील, आणि कमी दिवसांत होतील का?’ हा प्रश्न प्रत्येकीने विचारलाच पाहिजे.

पैशाची बाजूही पूर्वीइतकी अंधारी नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक येतात. राज्य सरकारने २०२३ मध्ये योजनेचे संरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ते राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले. योजनेतून बिल भागते. बुडालेला रोजगार आणि पंधरा दिवस राहण्याची सोय मात्र भागत नाही. ज्या जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था, सेवा सोसायट्या आणि साखर कारखाने यांचे जाळे आहे, जिथे महापुरात हजारो माणसांच्या जेवणाची सोय एका रात्रीत उभी राहते, तिथे शेक घेणाऱ्या बायकांसाठी पंधरा दिवसांच्या मुक्कामाची साधी धर्मशाळा चालवणे अवघड नाही. तेवढ्याने कित्येकींचा निर्णय बदलू शकेल.

चाकूआधी सुई

दुसरी गफलत त्याच्याही आधी होते. स्तनात गाठ लागली की जवळच्या छोट्या दवाखान्यात ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून ती काढली जाते. कधी ती पॅथॉलॉजीला पाठवली जाते, कधी नाही. नंतर कर्करोग निघाला तर पंचाईत होते: गाठ नेमकी कुठे होती, किती मोठी होती, कडेला किती निरोगी भाग सुटला, काहीच नीट कळत नाही. छेद चुकीच्या जागी आडवा-तिडवा घेतलेला असतो. जिचा स्तन सहज राखता आला असता, तिचा तो केवळ या गोंधळामुळे काढावा लागू शकतो.

म्हणून नियम एकच: आधी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग जाड सुईने तुकडा घेऊन बायोप्सी, आणि निदान हातात आल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. बायोप्सीच्या अहवालातूनच हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, कोणते इंजेक्शन लागेल हेही कळते. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते आणि मग स्तन राखता येतो; पण ही संधी चाकू आधी चालला तर हातची जाते.

शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ असणे हे यशाचे मुख्य गमक. कडेला रोग लागलेला आढळला तर पुन्हा एकदा थोडा भाग काढावा लागतो. इंग्लंडमधील मोठ्या पाहणीत सुमारे पाचातल्या एकीवर अशी वेळ आली होती. हे अपयश नाही, पण आधी सांगितलेले नसले की घरचे बिथरतात आणि ‘तेव्हाच सगळे काढायला हवे होते’ असे म्हणू लागतात. शस्त्रक्रिया चालू असतानाच पॅथॉलॉजी तज्ज्ञाने कडा तपासल्या तर हा फेरा बराच टळतो. काखेतील सर्व ग्रंथी सरसकट काढण्याऐवजी निळा रंग टोचून पहिल्या काही ग्रंथी शोधून तपासल्या, तर हाताची सूजही टळते. रुग्णालय निवडताना इमारत किती मजली आहे यापेक्षा या सोयी आहेत का, हे विचारावे.

स्तन राखणे प्रत्येकीला शक्य नसते, हेही तितकेच खरे. स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत दूरदूर अनेक गाठी, सगळीकडे पसरलेले संशयास्पद कॅल्शियमचे ठिपके, छातीला पूर्वी दिलेले शेक, गरोदरपणातील सुरुवातीचे महिने, पुन्हा काढूनही कडा स्वच्छ न होणे, किंवा स्तनाच्या मानाने फार मोठी गाठ, अशा वेळी पूर्ण स्तन काढणेच शहाणपणाचे. घराण्यात हा रोग जनुकांतून आलेला असेल तर विचार वेगळा होतो. ‘राखा’ हा हट्ट जसा नको, तसा ‘काढा’ हाही नको.

लवकर आली तरच निवड

आणि मुळात निवड उरते ती लवकर आलेल्या बाईलाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीन साधी उद्दिष्टे ठेवली: किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे, आणि ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाले. रुग्ण आणि मृत्यू यांतले हे अंतर इतके कमी असण्यामागे उशीर हे मोठे कारण आहे.

उशीर कमी करायला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक महिलांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तनाची तपासणी केली. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचे प्रमाण ३७ टक्के राहिले, इतर गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण महिलांमध्ये तसा फायदा दिसला नाही. आपल्या आशा सेविका आणि उपकेंद्रातील परिचारिका हे काम शिकू शकतात. गाठ दुखत नाही म्हणून बाई गप्प बसते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, एवढे वाक्य जरी गावोगाव पोहोचले तरी कित्येक महिने वाचतील.

बाईने स्वतःच्या शरीराबद्दल मोकळेपणी बोलावे अशी जागा हवी, हे कोल्हापूरला नवे नाही. आजचे सीपीआर म्हणजे पूर्वीचे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांना कोल्हापूर संस्थानाने याच हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी नेमले होते. कामावर रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे शाहू महाराजांच्या मदतीने आयर्लंडला शिकून आलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी तिथे बायकांवर उपचार केले. बाईला आपले दुखणे बाईजवळ सांगता यावे, यासाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाने एवढा खटाटोप केला. आज महिला डॉक्टरांची उणीव नाही. तरी शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही नवऱ्याची किंवा मुलाची, आणि बाईशी बोलणे पाच मिनिटांचे, हे चित्र शोभणारे नाही. ‘‘आता वय झालं, कशाला हवाय?’’ हे उत्तर पन्नाशीच्या बाईच्या वतीने दुसऱ्या कुणी देण्याचे कारण नाही.

त्यामुळे काही गोष्टी आग्रहाने मागायला हव्यात. कर्करोगावर शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने संमतीआधी दोन्ही पर्याय, त्यांचे फायदे-तोटे आणि लागणारे शेक साध्या मराठीत एका पानावर लिहून द्यावेत आणि ते वाचून घरी विचार करायला दोन-चार दिवस द्यावेत. स्तनाच्या कर्करोगात एवढ्या दिवसांनी बिघडत नाही. शेकाच्या तारखा शस्त्रक्रियेआधीच ठरवाव्यात. आणि जिल्ह्यातील रुग्णालयांनी दरवर्षी चार आकडे जाहीर करावेत: पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात आलेल्या महिला किती, त्यांपैकी कितींचा स्तन राखला, कितींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागली आणि कितींचे शेक पूर्ण झाले. कारखाने दर हंगामाला गाळप आणि उतारा जाहीर करतात. बायकांच्या जिवाचा हिशेब त्याहून कमी मोलाचा नाही. हे चार आकडे समोर आले, तर कोणत्या तालुक्यातून बायका उशिरा येतात, कुठून शेक अर्धवट सुटतात, हे आपोआप दिसेल आणि धर्मशाळा नेमकी कुणासाठी हवी, आशा सेविकांचे प्रशिक्षण आधी कुठे हवे, हे ठरवायला कुणाच्या अंदाजाची गरज उरणार नाही.